मी उपटलेल्या आठ खुंट्या

मी रडणारा माणूस नाही, असं मी बरीच वर्षं चारचौघांत सांगत आलो. बोईसरच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. कामगारांना हेल्मेट घालायला लावायचं, गळक्या व्हॉल्व्हवर पाट्या टांगायच्या, आणि 'विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये' हे वाक्य मराठीत, हिंदीत आणि गरज पडली तर ओरडून सांगायचं, हा माझा धंदा. असल्या माणसाने शनिवारी दुपारी सोफ्यावर बसून कार्टून बघताना उशीच्या अभ्र्याला नाक पुसावं, ही गोष्ट मी खरं तर कुणाला सांगितली नसती. पण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथेच आहे, त्यामुळे इलाज नाही.

सिनेमा बायकोने आणला होता. ती पालघरच्या एका शाळेत शिकवते आणि शाळेचं निसर्ग मंडळ तिच्याकडे आहे. सहावीच्या मुलांना दाखवण्याजोगा आहे का, ते आधी बघायचं होतं. जपानी सिनेमा, खाली इंग्रजी अक्षरं. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. "तुम्ही बघून सांगा, मी तोवर पेपर तपासते," असं म्हणून तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. एरवी अशा वेळी मी पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिला बहुधा शांतता हवी होती.

गोष्ट साधी होती. शहराबाहेर एक टेकडी. तिथे कोल्हे, ससे आणि एक जाडजूड पट्टेवाला प्राणी, ज्याचं नाव मला कळलं नाही, पण चाल हुबेहूब आमच्या सोसायटीच्या खजिनदाराची होती. एक दिवस माणसं येतात, तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघतात आणि टेकडीवर लाल डोक्याच्या खुंट्या ठोकून जातात. पिल्लांना आधी त्या खुंट्या आवडतात. मग एक म्हातारी कोल्हीण सांगते, बाळांनो, ही खुंटी म्हणजे उद्याची भिंत. मग सगळी जनावरं मिळून खुंट्या उपटतात, ओढ्यात टाकतात, भोकं पायाने बुजवतात, वर पाला पसरतात. माणसं परत येतात, डोकं खाजवतात, पुन्हा खुंट्या ठोकतात. असं तीनदा होतं. चौथ्या वेळी माणसं खुंट्या आणत नाहीत, सरळ बुलडोझर आणतात. शेवटी टेकडीच्या जागी इमारती, आणि ती म्हातारी कोल्हीण सिग्नलपाशी माणसांच्या पायांत उभी. दिवा हिरवा होईपर्यंत ती थांबते. तिला रस्ता ओलांडायचा नियम कळलेला असतो.

तिथे मी फुटलो. बायकोने पेपरांतून मान वर केली. "काय झालं?"

"डोळ्यात काहीतरी गेलं."

"दोन्ही?"

मग मी लपवणं सोडलं आणि भाषणच सुरू केलं. म्हटलं, आपण माणसांनी काय करून ठेवलंय बघ. ही आपली बिल्डिंग उभी आहे ना, तिथे भाताची खाचरं होती. कॉलेजात असताना मी इथल्याच बांधावर कोल्हा बघितलाय. कुठे गेला असेल बिचारा? तिने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि उदमांजराचं पत्र कुणी लिहिलं होतं?"

पत्र मी लिहिलं होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. क्लबहाउसच्या छतात एका उदमांजराने बस्तान मांडलं होतं आणि ते रात्री पत्र्यावर फिरतं म्हणून वरच्या मजल्यांवरून तक्रारी आल्या होत्या. मी वनखात्याला लिहिलं होतं, 'सदर उपद्रवी प्राण्याचा तातडीने बंदोबस्त करावा.' 'तातडीने' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. वनखात्याने तातडी केली नाही, हे त्या प्राण्याचं नशीब. बायकोने आठवण करून दिल्यावर मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मी काहीतरी जाहीर करतो. मी जाहीर केलं की उद्या आपण वाडीवर जाऊ, कोल्ह्यांची बिळं बघू आणि जमल्यास फोटो काढू.

वाडी माकुणसारला. वडिलांच्या पश्चात तिथे काका असतात, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वय पंचाहत्तरीच्या पुढे, काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. केळी, पानवेली, थोडी भाजी, चिकूची काही झाडं, असं सगळं ते एकटे बघतात. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, पण नाव सातबाऱ्यावर असणं वेगळं आणि कोयता हातात असणं वेगळं. काकांच्या मागे सगळं माझ्याकडेच येणार, हे घरात सगळे धरून चालतात, आणि तो विषय सगळे टाळतातही. वाडीच्या खालच्या टोकाला खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी दलदल, लागतं. तिथे केवड्याचं दाट बन आहे आणि त्या बनाखाली कोल्ह्यांची बिळं. काकांनी तो तुकडा कधी साफ केला नाही. मी एकदा कारण विचारलं होतं, तर म्हणाले होते, "कोले घुशी खातात. घुशी केळी खातात. मी केळी विकतो. आता तूच सांग कोनाला हाकलू?"

रविवारी गाडी काढून पालघर, माहीम, केळवे करत आम्ही अकराच्या सुमाराला पोचलो. काकांनी बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवताना ते काहीतरी सांगायला लागले होते. "बरा आलास," म्हणाले, "मी तुला सांगनारच व्हतो, गुरवारी इथं..." पण मी तेव्हा त्यांना सिनेमाची गोष्ट सांगत होतो आणि अजून बुलडोझर यायचा होता. काका भले माणूस. त्यांनी बुलडोझर येऊ दिला, कोल्हिणीला सिग्नलवर उभी राहू दिली, मग हात धुतले, "चांगला हाय शिनेमा," म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले. दुपारच्या झोपेत काकांना उठवायचं नाही हा वाडीचा जुना नियम.

आम्ही दोघं खालच्या अंगाला निघालो. आणि केवड्याच्या अलीकडे मी जागच्या जागी थांबलो. गवतात एक खुंटी होती. लाल डोक्याची. पुढे वीसेक पावलांवर दुसरी. मग तिसरी. रस्त्याच्या कुंपणापासून थेट खाजणापर्यंत, वाडीच्या कडेकडेने, एका रेषेत आठ खुंट्या.

आमच्या जिल्ह्यात अलीकडे खुंटी दिसली की माणसं 'ही कसली लाइन?' असंच विचारतात. रेल्वे, महामार्ग, बंदराचा रस्ता, विजेचे मनोरे, कशाची ना कशाची आखणी कुणाच्या ना कुणाच्या वाडीतून चाललेलीच असते. त्यात या खुंट्या सरळ रेषेत. मी बायकोला म्हणालो, "रेल्वे. नक्की रेल्वे." आता जी रेल्वे वाडीच्या हद्दीला धरून निघून कोल्ह्याच्या बिळापाशी संपते, ती कुठून कुठे जाणार होती, हा प्रश्न मला पडला नाही. हे सगळं लिहिताना मला त्याचंच सगळ्यात जास्त हसू येतं.

"काकांना विचारू या," बायको म्हणाली.

"झोपू दे त्यांना. उठल्यावर त्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की त्यांचा पुतण्या नुसता बघत बसला नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. ती वर्गात एखादा मुलगा बाकावर उभा राहून खिडकीबाहेर वाकतो तेव्हा ज्या स्वरात बोलते, त्या स्वरात म्हणाली, "अहो, हे सरकारी असलं तर?" मी म्हटलं, असू दे. मी आजवर एक रांग मोडलेली नाही, हेल्मेटशिवाय लुना चालवलेली नाही. आयुष्यात एकदा तरी माणसाने काहीतरी करावं. असं म्हणून मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि तिच्या हातात मोबाइल दिला. म्हटलं, व्हिडिओ काढ. आणि चेहरा येऊ दे.

जमीन रेताड. खुंट्या दोनदा हलवल्या की मुळ्यासारख्या वर येत होत्या. मला वाटत होतं त्यापेक्षा हे फारच सोपं होतं, पण व्हिडिओसाठी मी प्रत्येक वेळी दात ओठ खात होतो. आठही काढून झाल्यावर मी सिनेमात बघितलं होतं तसंच केलं. भोकं पायाने बुजवली, वरून माती सारखी केली, आणि केळीचा, चिकूचा वाळका पाला आणून असा पसरला की तिथे कधी काही होतं हे मोजणाऱ्याच्या बापालाही कळू नये. कारखान्यात माझ्या कामाच्या नीटनेटकेपणाचं कौतुक होतं. ते कौतुक किती खरं आहे हे त्या दिवशी कळलं. मग खुंट्या कवेत घेऊन बावखलाकडे गेलो आणि पाण्यात भिरकावल्या. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं तळं. हात झटकले, घाम पुसला, आणि व्हिडिओ आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मुक्या जिवांसाठी.' अकरा जणांनी नमस्काराचे हात पाठवले.

लाकूड पाण्यात तरंगतं. हे सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं.

चार वाजता काका उठले, तोंडावर पाणी मारलं आणि पंप सुरू करायला बावखलाकडे गेले. आम्ही मागून चहा घेऊन गेलो तर ते काठावर उभे होते. पाण्यावर आठ लाल डोकी वर करून खुंट्या सावकाश फिरत होत्या.

"या इथं कशा आल्या?" काकांनी विचारलं.

मी छाती पुढे काढून सगळं सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की काका माझ्याकडे बघतच नाहीत. ते बनाकडे बघत होते, जिथे आता काहीच दिसत नव्हतं. मग ते पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले. चहाचा कप त्यांनी हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"मोजनीच्या व्हत्या," ते म्हणाले. "आपल्या."

गोष्ट अशी होती. वाडीला लागून आबांची वाडी आहे. आबा म्हणजे काकांचे चुलतभाऊ. केवड्याच्या बनाचा तो पट्टा आपला असं आबा म्हणत, आणि आपला असं काका म्हणत. त्यावरून दोघांचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की मधल्या कुंपणातली येण्याजाण्याची फट वेलींनी बुजून गेली होती. केळव्याला येणारे पर्यटक वाढल्यापासून आबांना तिथे होमस्टे बांधायचा होता. बन तोडायचं, मातीची भरणी करायची, पोहायचा हौद काढायचा. डंपर मंगळवारी यायचे ठरलेही होते. काका ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून झिजवून शेवटी मोजणीदार घेऊन आले, गुरुवारी. मोजणीत पट्टा काकांचा निघाला. आबांनी तिथेच उभं राहून सही केली, पण डंपर अजून रद्द केले नव्हते. काकांना सोमवारी दगड पुरायचे होते, कारण बोईसरहून दगडांचा टेम्पो सोमवारी येणार होता. खुंट्या तेवढ्या चार दिवसांपुरत्या होत्या. दगड पुरले की कायमचं.

"बुदवारीच तुला फोन केला व्हता," काका म्हणाले. "मोजनीला घरचा मानूस पायजे व्हता. तू म्हनलास, बघतो."

आमच्याकडे 'बघतो' म्हणजे 'नाही', हे काकांना माहीत होतं. मला वाटलं होतं, चिकू न्यायला बोलावतायत.

"नकाशा असेल ना?" बायकोने विचारलं.

"नकाशा येल म्हैन्यानं. पुन्यांदा मोजनी मागाची तर पुन्यांदा अर्ज, पुन्यांदा तारीख. डंपर मंगळवारी हाय."

म्हणजे मंगळवारी आबा बनावर माती ओतायला मोकळे, आणि त्यांना अडवायला काकांकडे जमिनीवर एकही खूण नाही. माती एकदा पडली की कसली बिळं आणि कसला केवडा. तो पट्टा वाचवायला या म्हाताऱ्याने एकट्याने जे केलं होतं, ते मी वाचवण्याच्या नादात अर्ध्या तासात मातीत घातलं होतं.  खूप लाज वाटली. लाज वाटली की मी जाहीर करतो, म्हणून मी जाहीर केलं, "मी आत्ता सगळं होतं तसं करतो."

आधी भोकं शोधली. पाला उपसला, माती हाताने चाचपली. एकही सापडलं नाही. मग व्हिडिओ आठवला. त्यात तर सगळंच असणार! आम्ही तिघं पायरीवर बसून तो लावला. सव्वाचार मिनिटं माझा चेहरा होता. वर आकाश, बाजूला माझा कान, कपाळावरचा घाम, दात ओठ खाणं. जमीन कुठेच नव्हती. बायको शांतपणे म्हणाली, "तुम्हीच म्हणालात, चेहरा येऊ दे." काकांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. बहुतेक त्यांना शेवटी तरी खुंटी दिसेल अशी आशा असावी.

मग मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बावखलात उतरलो. ती गुडघ्यावर थांबणारी जागा नाही हे उतरल्यावर कळलं. कमरेपर्यंत गाळात जाऊन आठही खुंट्या बाहेर काढल्या आणि अंदाजाने ठोकायला लागलो. आता ज्याच्या हातून एवढं नुकसान झालंय त्याने निदान भरपाई करावी, असा विचार माझ्या मनात आला. म्हणून प्रत्येक खुंटी मी दोन-दोन हात आबांच्या बाजूला सरकवून ठोकत होतो. कोल्ह्यांना तेवढीच जागा जास्त. काका कमरेवर हात ठेवून मागून येत होते. तिसऱ्या खुंटीपाशी ते म्हणाले, "काढ ती."

"काका, थोडी इकडे तिकडे..."

"ती जागा माजी नाय. काढ. दोन हात चोरून कोल्याला द्याचे? त्यानं मागितले तुज्याकडं?"

मी तिन्ही काढल्या.  काकांनी कोयता घेतला, ते मधल्या कुंपणापाशी गेले आणि बुजलेल्या फटीतल्या वेली तोडायला लागले. मी पुढे झालो तर त्यांनी हाताने मला बाजूला केलं. वाट झाल्यावर ते वाकून पलीकडे गेले आणि आबांच्या ओट्यापाशी उभे राहून त्यांनी हाक मारली. नुसतं "हायस का घरात?" एवढंच. इतक्या वर्षांनी बोलायचं म्हणजे माणूस काहीतरी ठरवून बोलेल असं मला वाटत होतं. मी चिखलात माखलेला, मागे उभा.

आबा बाहेर आले. काकांपेक्षा ठेंगणे, अंगात बनियन. काकांनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही, माझी बाजूही सावरली नाही. आबा आधी माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. ओट्यावर बसून, गुडघ्यांवर थापा मारून हसले. "शिकवला सवरला," म्हणाले, "नि खुंट्या उपटतो!" हसून झालं, डोळे पुसले, आणि मग त्यांनी बनाकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं होतं की आता काय हातात आलंय. काकांच्याही लक्षात होतं. दोघंही मंगळवारचा डंपर डोळ्यांपुढे बघत होते.

"कुटं हायत खुंट्या?" आबांनी विचारलं.

मी दाखवल्या. आबांनी त्या काखेत मारल्या, माझ्या हातातून हातोडा घेतला आणि रस्त्याच्या कुंपणापाशी गेले. तिथल्या चिकूपासून त्यांनी तीन पावलं टाकली, टाचेने माती दाबली आणि पहिली खुंटी ठोकली. दुसरी ठोकताना म्हणाले, हितं मोजनीवाल्याची छत्री पडली व्हती. तिसरीपाशी त्यांच्या अंगठ्याला ठेच लागली होती, तो दगड अजून तिथेच होता. चौथी, पाचवी, त्यांना विचार करावा लागत नव्हता. मला आश्चर्य वाटलं. जिंकलेल्या काकांना एकाही खुंटीची जागा धड सांगता येत नव्हती, आणि आबांना बोट न् बोट पाठ होतं. मी तसं म्हणालोही.

"त्याला कशाला ध्येनात ऱ्हाईल?" आबा म्हणाले. "त्याची गेली नाय ना. माजी गेली. चार दिस मी दुसरा काय बगतोय?"

आठवी खुंटी बनाच्या तोंडाशी यायची होती, बिळांजवळ. तिथे आबा थांबले. खुंटी मातीवर टेकवलेली, हातोडा हातात.  चार हात अलीकडे ठोकली असती तरी आमच्यात कुणाला कळलं नसतं, आणि होमस्टेचा हौद तेवढ्यात बसला असता. काका आबांकडे बघत नव्हते, मुद्दाम खाजणाकडे तोंड करून उभे होते. आबांनी एक पाऊल पलीकडे टाकलं, बनाला वळसा घातला, आणि बिळं काकांच्या बाजूला ठेवून खुंटी ठोकली. तीन घाव घातले. हातोडा काकांना दिला. काकांनी तो घेतला. 

मला मात्र भरून आलं. दोन दिवसांत दुसऱ्यांदा. मी पुढे होऊन, चिखलाच्या हातांनी, आबांचे हात धरले आणि म्हणालो की आबा, तुम्ही आज या मुक्या जिवांवर केवढे उपकार केलेत. मला वाटतं 'निसर्ग' हा शब्दही मी वापरला.

आबांनी हात सोडवून घेतले. "मी कसले उपकार करतोय? मोजनीत हारलो, तवा हारलो. पन तुला येक सांगतो. हा म्हातारा हाय तवर हे बन हाय. तो गेल्यावर तू इकशील, तवा मला आदी विचार. बायरच्याला देऊ नको."

"विकायचा प्रश्नच नाही," मी म्हणालो.

"मग त्या पालगरच्या येजंटला या कोपऱ्याचा भाव का विचारलास? तो माजा जावय हाय."

  मी म्हणणार होतो की ते सहज विचारलं होतं, माणूस विचारतो, बाजारभाव माहीत असलेला बरा. ही सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती, कारण एजंटला फोन करून झाल्यावर ती मी स्वतःलाच ऐकवली होती. बायकोने विचारलं, "खरंय?"

"हो," मी म्हणालो. त्या दिवसातलं ते माझं पहिलं सरळ उत्तर असावं.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

 रडलेला नवरा तिने आदल्या दिवशी बघितला होता. ते रडणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. पण फोनही मीच केला होता, आणि दोन्ही वेळा मला मनापासूनच वाटत होतं. हे मी तिला कसं सांगणार होतो? काकांकडे बघायची हिंमत झाली नाही. ते पंप बंद करायला गेले होते. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "उद्या सुटी घे. दगड तू पुरायचे."

सोमवारी टेम्पो आला. चालक बोईसरचा, हिंदी बोलणारा. आठ घडीव दगड उतरवताना त्याने विचारलं, "मंदिर बन रहा है क्या, साहब?" मी नाही म्हणालो. आबा आले, बायकोने शाळेत रजा टाकली होती. आमच्याकडे हद्दीचा दगड पुरताना दोन्ही बाजूंची माणसं हजर लागतात. नारळ फोडतात, आणि खड्ड्याच्या तळाशी आधी कोळसा घालतात. दगड कुणी हलवला तरी खाली कोळसा राहतो. तो कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, पाच पिढ्यांनी खणलं तरी हद्द तिथेच सापडते. काका कोळशाची पाटी घेऊन बसले होते आणि मी पहार घेऊन खणत होतो. चौथ्या दगडापर्यंत हाताला फोड आले. मी हातमोजे आणले नव्हते. रोज दीडशे माणसांना हातमोजे घालायला लावतो.

सात दगड गुडघाभर खड्ड्यात बसले. आबा प्रत्येक दगडाला बोटाने रेषा बघत होते आणि मान हलवत होते. आठवा बनापाशी. मी गुडघाभर खणलं आणि काकांकडे कोळसा मागितला.

"आजून खन," काका म्हणाले.

मी आणखी वीतभर खणलं. खाली ओलसर माती लागली. पुन्हा हात पुढे केला.

"आजून."

"काका, बाकीचे सगळे गुडघाभरच आहेत. मांडीपर्यंत आलंय."

काका वाकले आणि खड्ड्यात डोकावून त्यांनी खोली बघितली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. केळीला किती पाणी लागेल हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"बाकीचे लोकांसाटी हायत. हा तुज्यासाटी. तुला उपटता येनार नाय, तवर खन."

आबा हसले नाहीत. बायकोने पाण्याची बाटली माझ्या हाताशी ठेवली. मी पहार उचलली आणि खणायला लागलो.